पायाला न कळलेला काटा

गेल्या चैत्रात खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेला गेलो होतो. देवदर्शन हे निमित्त, खरी ओढ जनावरांच्या बाजाराची. माणदेशात जन्मलेल्या माणसाला पांढराशुभ्र खिलार खोंड दिसला की त्याचे पाय आपोआप थांबतात, मग घरी गोठा असो वा नसो. माझ्या घरी गोठा नाही, मागच्या अंगणात तुळशीच्या दोन कुंड्या आहेत. तरी चार तास उन्हातान्हाचा हिंडलो. दहा-बारा खोंडांच्या पाठीवरून हात फिरवला, दोघातिघांना भाव विचारला (घ्यायचं नसताना भाव विचारणं ही यात्रेतली जुनी करमणूक आहे) आणि संध्याकाळी दहिवडीला घरी परतलो. चपला दारात काढून आत गेलो, तोच मागून बायकोचा आवाज आला, "अहो, हे फरशीवर रक्त कुणाचं?"

रक्त माझंच होतं. उजवी चप्पल उलटी केली, तर बाभळीचा चांगला दीड इंची काटा तळातून आरपार वर आलेला. तो केव्हा घुसला, किती वेळ माझ्या पायात राहिला, त्याच्यावर मी किती अंतर चाललो, यातलं काही मला ठाऊक नव्हतं. बायको घाबरली ती रक्ताला. मी घाबरलो ते वेगळ्याच गोष्टीला. मला दुखत नव्हतं.

काटा म्हणजे काय हे आम्हा माणच्या पोरांना कुणी शिकवावं लागत नसे. शाळेच्या वाटेवर बाभळी, बोरी, सराटे. पायात वहाण असली तर असली. काटा मोडला की एका पायावर लंगडत घरी यायचं, आजीपुढे पाय टाकायचा. ती सुई चुलीच्या जाळावर धरायची, एका हातानं पायाची टाच घट्ट आवळायची आणि दुसऱ्या हातानं कोरायला लागायची. मी बोंबलत असे. "बोंबल, बोंबल, बोंबललास की काटा कुटं हाय त्ये मला कळतंय," असं ती म्हणे. तेव्हा ही थट्टा वाटायची. आता वाटतं, आजी अगदी शास्त्रीय बोलत होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी जखम साफ केली, इंजेक्शन दिलं आणि मग ड्रॉवरमधून एक गंमतशीर वस्तू काढली. एका दांडीला लावलेला नायलॉनचा धागा, गळाच्या दोरीसारखा. "काका, डोळे मिटा. पायाला धागा लागल्यासारखं वाटलं की 'हो' म्हणा." मी डोळे मिटले. वाट बघत बसलो. बाजूला बायको बसली होती. थोड्या वेळानं तिचा दबका आवाज आला, "अहो, लक्ष कुठंय तुमचं? त्या लावताहेत ना!"

तो धागा बरोबर दहा ग्रॅम भाराला वाकेल असा केलेला असतो. दहा ग्रॅम म्हणजे फार नव्हे. पण पायाच्या तळव्याला तेवढं कळलं पाहिजे. ज्याला कळत नाही, त्याच्या पायाची राखण उठली असं समजायचं. मग त्यांनी नाद काट्याचा, म्हणजे गायक सूर लावून घ्यायला वापरतात तशा लोखंडी चिमट्याचा कंप अंगठ्याच्या हाडावर टेकवला. तोही मला कळला नाही. गुडघ्याजवळ टेकवला तेव्हा कुठे झिणझिण लागलं.

मला बारा वर्षं मधुमेह आहे. दर वर्षी पाय तपासून घ्या असं सांगितलं गेलं होतं. मी गेलो नव्हतो. पाय दुखत नव्हते, मग तपासायचं कशाला, हा माझा हिशोब. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाचा हिशोब इतका चुकावा!

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं ते असं. शरीरातल्या सर्वांत लांब नसा कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जातात, जवळजवळ एक मीटर. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की नसांचं पोषण बिघडतं आणि जी नस सर्वांत लांब, तिचं टोक आधी सुकतं. माणच्या शेतकऱ्याला हे फोड करून सांगायला नको. कालव्याला पाणी सुटलं तरी शेपटाकडच्या रानाला ते पोचतंच असं नाही, हे तो जन्मभर बघत आलाय. बधिरपणा बोटांपासून सुरू होतो आणि पायमोजा चढवावा तसा वर वर सरकतो. आणि त्यात सर्वांत वाईट म्हणजे तो आल्याची वर्दी देत नाही. डोळ्यांना कमी दिसू लागलं तर माणूस पेपर लांब धरतो. कानांना कमी ऐकू आलं तर घरची माणसं ओरडून सांगतात. कातडीचं जाणं जाणवतच नाही, कारण जाणवण्याचं काम तिच्याचकडे होतं.

त्या दिवसापासून मी या कातडीच्या मागे लागलो आहे. प्रौढ माणसाची कातडी पसरली तर दीड ते दोन चौरस मीटर भरते. पण जाणण्याची शक्ती तिच्यावर सारखी वाटलेली नाही. घरच्या घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोग आहे. केसांत लावायचा आकडा घ्या, त्याची दोन टोकं तीनेक मिलिमीटरवर आणा आणि डोळे मिटलेल्या माणसाच्या बोटाच्या पेराला हलकेच टेकवा. तो सांगेल, दोन टोकं आहेत. आता तीच टोकं पाठीवर टेकवा. तो म्हणेल एकच. पाठीवर ती चारेक सेंटिमीटर लांब न्यावी लागतात, तेव्हा दोन वाटतात. एर्न्स्ट वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८३४ साली कंपासाची टोकं टेकवून हेच मोजून ठेवलं. पुढे कॅनडातल्या माँट्रियलच्या पेनफील्ड या शल्यविशारदानं मेंदूवर कातडीचा नकाशा काढला, तर त्यात बोटांनी आणि ओठांनी भलीमोठी जागा अडवलेली. मेंदूच्या लेखी पाठ म्हणजे गावाबाहेरचा माळ आणि बोटं म्हणजे भर पेठ.

ही पेठ किती गजबजलेली असते ते मी पहिल्यांदा पाहिलं आजोबांबरोबर, जनावरांच्या बाजारात. साठच्या दशकातली गोष्ट. बैलाचा सौदा तोंडानं होत नसे. घेणारा आणि दलाल समोरासमोर उभे राहत, हातावर उपरणं टाकलं जाई आणि आत बोटं बोलू लागत. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, पुरा पंजा म्हणजे पाच. ते शेकड्याचे की त्याहून मोठे, हे बैलाकडे बघूनच दोघांना ठाऊक. वर तोंडं चालू असत ती भलत्याच विषयावर. "पाऊस काय म्हंतोय तुमच्याकडं?" "कुटला आलाय पाऊस!" आणि खाली पन्नास रुपये वर-खाली होत. भोवती बघे दाटीनं उभे, पण कुणाला आकडा कळायचा नाही. एकदा मी उपरण्याखाली डोकावलो आणि आजोबांच्या मोकळ्या हाताची एक सणसणीत बसली. तोही स्पर्शच, लक्षात राहिलेला.

पण रात्री त्यांनीच मला ती भाषा शिकवली. यात्रेच्या तळावर, गाडीखाली, एका घोंगड्यात आम्ही दोघं. अंधारात माझा हात हातात घेऊन ते बोटं दाबत आणि विचारत, "किती?" मी सांगे, "सात." "गाढवा, आठ." त्यांच्या बोटांवर घट्टे होते, नांगराच्या मुठीचे, कासऱ्याचे. तरी माझं बोट किती हळू दाबलं गेलं हे त्यांना नेमकं कळायचं. पुढे बाजार समित्यांच्या आवारात शेतमालाचे उघड लिलाव आले आणि ते बरंच झालं, कारण उपरण्याखाली शेतकऱ्याची फसवणूकही भरपूर झालेली आहे. भाव झाकला की नफा कुणाचा हे बँकवाल्याला विचारा. पण एक संपूर्ण हिशोब, घासाघीस, नकार, होकार, थोडी आर्जवंसुद्धा, केवळ कातडीवर चालायची, हे मी अनुभवलेलं आहे.

आणि ते घोंगडं! आमच्याकडच्या मेंढ्यांच्या लोकरीचं काळं घोंगडं अंगावर घेतलं की चावतं. त्याचं कारण साधं आहे. लोकरीचा तंतू साधारण तीस मायक्रॉनहून जाड असला की कातडीवर टेकल्यावर तो वाकत नाही, टोचतो. आमची लोकर जाडीभरडी. आश्चर्य टोचण्याचं नाही. आश्चर्य हे की अर्ध्या तासानं ते टोचणं कुठल्याकुठे जातं आणि पोर घोरायला लागतं. कातडी सतत चालू असलेली बातमी पुन्हा पुन्हा वर पाठवत नाही. बदल झाला तर कळवते. हे वाचताना तुमच्या मनगटावर घड्याळ असेल, ते तुम्हाला आत्ता, मी नाव घेतल्यावर जाणवलं असेल.

बदल लागतो म्हणूनच बोट हलवावं लागतं. बँकेत लागलो तेव्हा आमच्याकडे एक हेडकॅशियर होते. पाण्यानं भिजवलेल्या स्पंजवर बोट टेकवून नोटा मोजत. बोलणं आमच्याशी, नजर दारावर, आणि मध्येच बोट थांबे. एक नोट बाजूला येई. खोटी. "कसं ओळखलंत?" म्हटलं की म्हणत, "मी कुठं ओळखलं? बोटानं ओळखलं." नोटेवरची काही छपाई उठावाची असते, शाईला उंची असते. नुसता अंगठा टेकवून ती कळत नाही, घासल्यावर कळते. २०१३ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी अगदी बारीक सुरकुत्या असलेले पृष्ठभाग बनवून माणसांना चाचपायला दिले. बोट सरकवताना माणसाला अवघ्या तेरा नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्यासुद्धा गुळगुळीत पृष्ठभागाहून वेगळ्या जाणवल्या. केसाच्या जाडीचे काही हजार भाग केले तर त्यातला एक. आमच्या हेडकॅशियरना हे सांगायला हवं होतं. नोटांच्या गड्ड्यांना मारलेल्या पिनांनी त्यांची बोटं कायम टोचलेली असत. २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं गड्ड्यांना पिना मारणं बंद करायला लावलं, तोवर ते निवृत्त झाले होते.

बोटांच्या रेषांचंही या कामात अंग आहे. २००९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांनी कृत्रिम बोट करून दाखवलं की बोटावरच्या रेषा घासताना जो कंप उठवतात, तो कातडीत खोल बसलेल्या एका ग्राहकाला नेमका मानवतो. हे वाचलं तेव्हा मला पीककर्जाच्या कागदांवरचे अंगठे आठवले. १९७२ च्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. आमच्या भागातल्या बायका दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. पुढे त्यांतल्याच काही जणी शाखेत आल्या, तेव्हा शाईत बुडवलेला अंगठा कागदावर उठायचा तो नुसता काळा डाग. रेषाच नाहीत. "पुन्हा द्या, मावशी." पुन्हा डाग. आम्ही वैतागत असू. त्या अंगठ्याचं काय काय झिजलं असेल, हा विचार तेव्हा शिवला नाही.

एक गृहस्थ मात्र कायम लक्षात राहिले. आमच्या शाखेचे खातेदार, पेटीमास्तर, जन्मांध. नोट हाती घेतली की लांबीवरून सांगत. १९९६ पासून आलेल्या मालिकेत शंभराच्या नोटेवर त्रिकोण, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ अशा उठावाच्या खुणा होत्या, पण हाताळून हाताळून त्या बसून जात. लांबी भरवशाची. शंभराची नोट १५७ मिलिमीटर, पाचशेची १६७. एक सेंटिमीटरचा फरक, त्यांच्या बोटाला पुष्कळ होता. मग २०१६ ची नोटाबंदी झाली आणि हळूहळू सगळी मालिका बदलली. नव्या शंभराची लांबी १४२, दोनशेची १४६, पाचशेची १५०. चार-चार मिलिमीटर. मास्तर शाखेत येऊन बाकावर बसले, माझ्याकडून एकेक नवी नोट मागून घेतली आणि अर्धा तास चाचपत राहिले. "साहेब," म्हणाले, "या वयात बोटांना पुन्हा पहिलीत घातलंत तुम्ही." मी हसलो. आठवड्यानं कळलं की कुण्या दुकानदारानं त्यांना दोनशेच्या जागी शंभराची दिली होती.

आता यामागचं यंत्र. कातडीवरचा दाब मेंदूला कळतो कसा, हे परवापरवापर्यंत कुणाला सांगता येत नव्हतं. बैरूतमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत काम करणारे आर्डेम पटापुटियन यांनी अशा पेशी शोधल्या की ज्यांना बारीक काचनळीनं टोचलं की त्या विजेचा छोटा संदेश देतात. त्यांना टोचणं 'कळतं' ते कुठल्या जनुकामुळे? संशयित बहात्तर निघाले. एकेक जनुक बंद करायचं, पेशीला टोचून पाहायचं, संदेश आला की पुढचं. गुन्हेगार सापडला तो अगदी शेवटचा, बहात्तरावा. ३१ मार्चच्या रात्री पाच रुपयांचा फरक शोधत सगळी लेजरं उपसलेल्या कारकुनाला यातलं दुःख आणि सुख दोन्ही कळेल. २०१० साली जाहीर झालेल्या या शोधातून 'पिएझो' हे नाव मिळालेले दोन दरवाजे हाती लागले. दाबलं की उघडतात आणि नस बोलू लागते. डेव्हिड ज्युलियस यांनी त्याआधी, १९९७ मध्ये, दुसरं कोडं सोडवलं होतं. मिरची खाल्ली की 'जाळ' का होतो? तर मिरचीतला तिखट पदार्थ त्याच दरवाजाला धक्का देतो, जो साधारण त्रेचाळीस अंशांच्या वरच्या चटक्याला उघडतो. म्हणजे भाकरीवर खर्डा घेऊन नाक पुसणारा माणूस तिखटाची चव घेत नसतो, त्याची जीभ भाजल्याची खबर देत असते. दोघांना मिळून २०२१ चं नोबेल मिळालं.

या खबरींचा वेगही निराळा. दगडाला ठेच लागली की आधी झटका कळतो, क्षणभरानं खरी कळ येते. दोन वेगळे जासूद आहेत. एक घोड्यावरून येतो, दुसरा सेकंदाला मीटरभर, पायी. आणि कळ आली की हात आपसूक अंगठा चोळायला जातो. आई पोराचं डोकं चोळते. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलं की चोळण्याच्या खबरा पाठीच्या कण्यातल्या फाटकाशी गर्दी करतात आणि दुखण्याची खबर मागे अडते. आयांना ते आधीपासून माहीत होतं, एवढंच.

लहानपणी आमच्या गावाच्या वेशीबाहेर एक म्हातारा राहायचा. चुलीवरचं भगुनं उघड्या हातांनी उतरवायचा. आम्हा पोरांना ती जादू वाटे. लांबून बघायला जात असू. मोठी माणसं 'महारोगी' म्हणत आणि त्याची बोटं रोगानं झडली असं सांगत. तसं नव्हतं. तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना दाखवून दिलं की बोटं रोग खात नाही. रोग नसा मारतो; मग भाजतं, कापतं, चिघळतं आणि मालकाला कळत नाही. काही रुग्णांची बोटं रात्री उंदीर कुरतडत, आणि त्यांना जाग येत नसे! तेव्हा त्यांना मांजरं पाळायला दिली गेली. आज कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो, मिरजेचं रिचर्डसन रुग्णालय या कामासाठीच ओळखलं जातं, आणि अंगावरचा बधिर चट्टा वेळेवर दाखवला तर बोटं वाचतात. त्या म्हाताऱ्याला हे कुणी सांगितलं नाही. आम्ही लांब उभे राहून बघितलं.

माझी जखम दीड महिन्यानं भरली. नशीब म्हणायचं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं आहे: अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा. पाणी किती गरम आहे ते पायानं पाहायचं नाही, कोपरानं पाहायचं. रोज रात्री तळवे बघायचे. शेवटचं काम बायकोनं घेतलं आहे. चष्मा लावून, दिव्याखाली माझा पाय धरून ती बोटांच्या बेचक्या तपासते. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझे पाय इतके कधी पाहिले नव्हते, मला थोडा संकोच होतो. देवळाचा प्रश्न निघाला होता. म्हसवडला, शिखर शिंगणापूरला उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी जायचं कसं? "मोजे घालून जा," ती म्हणाली. "देवाला सांगते मी."

चपला सुटल्या, बूट आले. रोज सकाळी बूट घालण्याआधी मी ते उलटे करून उंबऱ्यावर आपटतो. आजोबाही वहाणा अशाच आपटायचे, विंचवासाठी. मग आत हात घालून टोकापर्यंत चाचपतो. बोटं अजून शाबूत आहेत. खडा, शेंगेचं टरफल, दुमडलेलं अस्तर, काहीही असू शकतं. परवा डाव्या बुटातून नातवाची काचेची गोटी निघाली. तो ती दोन दिवस शोधत होता. आदल्या दिवशी मी हात घालायला विसरलो होतो, आणि त्याच बुटात सोमवारचा बाजार करून आलो होतो.